रावजींच्या पडवीतली गोल फळी

दिवेआगरात रावजी गोरिवल्यांच्या घरी मुलीच्या लग्नावरून जेवढी चर्चा झाली नव्हती, तेवढी गेल्या दसऱ्याच्या सुमारास एका फळीवरून झाली. फळी निवडायला अकरा दिवस गेले, ती घरी यायला पाच, आणि भिंतीला लावायला एक अख्खा रविवार.

फळी प्रणालीसाठी हवी होती. रावजींची ही एकुलती एक मुलगी चोवीस वर्षांची, अलिबागला पोलीस शिपाई. भरतीनंतरच्या प्रशिक्षणात कोणीतरी तिच्या हातात बॉक्सिंगचे हातमोजे दिले, आणि त्या दिवसापासून ती रोज पहाटे मुठी आवळून उभी राहायला लागली. डावा हात विजेसारखा, उजवा जरा आळशी, असं तिचे प्रशिक्षक म्हणायचे. दसऱ्याच्या आधी दोन आठवडे ती बराकीच्या जिन्यावरून घसरली आणि घोट्याचं हाड मोडून घेतलं. रिंगमध्ये मोडलं असतं तर अभिमानानं सांगता आलं असतं. जिन्यात मोडल्याचं सांगताना ती घाईघाईनं विषय बदलायची.

सहा आठवड्यांचं प्लास्टर घेऊन ती घरी आली, आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकांचा फोन आला. "पाय बांधलाय ना? हात तर मोकळे आहेत. घरी स्पीड बॅग लाव. जानेवारीत निवड चाचणी आहे, विसरू नकोस."

स्पीड बॅग म्हणजे चामड्याचा, हवा भरलेला, डोक्याएवढा गोळा. भिंतीला लोखंडी चौकट ठोकायची, चौकटीवर परातीएवढी गोल फळी आडवी बसवायची आणि तिच्या पोटाशी हा गोळा टांगायचा, बरोबर आपल्या तोंडासमोर येईल असा. ठोसा मारला की गोळा मागे जाऊन फळीवर आपटतो, पुढे येऊन आपटतो, परत मागे जाऊन आपटतो, आणि मग दुसरा ठोसा. एका ठोशाला तीन ठोके. फोनवरचं चित्र बघून रंगूबाईंनी, म्हणजे प्रणालीच्या आईनं, त्याचं नाव ठेवलं पपनस. तेच घरात चालू झालं.

"हे पपनस बडवून चोर पकडता येतात का गो?" त्यांनी विचारलं.

"आई, हातांचा वेग वाढतो त्यानं."

"वेग वाढवायचा तर पाट्यावर मसाला वाट की. मला तरी उपयोग होईल."

गोळा कोणता घ्यायचा यावर वाद नव्हता, तो प्रशिक्षकांनीच सांगितला होता. प्रश्न फळीचा होता. प्रणालीनं फोनवर पहिली दाखवली ती सगळ्यात सुटसुटीत. "बाबा, ही बघा. हलकी हाय, चार स्क्रू मारले की झालं. अर्ध्या तासात लागते."

रावजींनी फोन लांब धरून बघितला. "हलकी कशाला?"

"बसवायला सोपी."

"बसवायची एकदा. बडवायची रोज."

 मग रावजींनी विचारलं, "फळी कशाची हाय?" तिनं वाचून सांगितलं, लाकडाचा भुसा दाबून केलेली. रावजी म्हणाले, "आपल्याकडं सागवानी दारं फुगतात. ही तर चहातला पाव होईल."

रावजींनी बोलायला सुरुवात केली की ते एवढंच बोलत. माणूस छपन्न वर्षांचा, काटक, पायाचे पंजे रुंद, आणि छातीच्या मधोमध हातभर लांबीचा काळपट पट्टा. तो पट्टा पोफळीच्या खोडानं दिलेला. पस्तीस वर्षं रावजींनी दिवेआगरातल्या लोकांच्या वाड्यांमधून सुपारी काढली. पायात दोरीचं कडं, कमरेला कोयता, आणि सरळसोट पोफळीवर पन्नास-साठ फूट वर. वर गेलेला रावजी खाली यायचा तो पंधरा-वीस झाडं संपवूनच. एका झाडाचा शेंडा हलवायचा, झोका घ्यायचा, शेजारच्या झाडाचा शेंडा पकडायचा आणि तिकडे जायचं. वाडीत आलेले पाहुणे माना वर करून बघत राहायचे. रावजींना त्यात काही विशेष वाटायचं नाही.

पाच वर्षांपूर्वी जूनमध्ये वादळ झालं. दुपारपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. ज्या पोफळीच्या गर्दीत भर दुपारी अंधार असायचा तिथून थेट समुद्र दिसायला लागला. त्यानंतरच्या थंडीत रावजींनी झाडावर चढणं सोडलं. "चढायला झाडंच कुठं राहिली?" असं ते म्हणायचे आणि लोकांना ते पटायचं. खरं तर काही वाड्या वाचल्या होत्या. तिथले मालक बोलवायचे. मग रावजी म्हणायचे, गुडघा दुखतोय. हळूहळू बोलावणी बंद झाली. नवी रोपं लावायची, त्यांना पाणी द्यायचं, शेजारच्या नीराबाईंच्या पाहुण्यांच्या खोल्यांभोवतीची बाग बघायची, असं त्यांचं चालू होतं.

तर फळी. दुसऱ्या दिवशी प्रणालीनं जमिनीवर उभा राहणारा स्टँड दाखवला. भिंतच नको, कटकट नको. रावजी उठले, पडवीत गेले आणि लाद्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सरळ अंगणाकडे धावलं. पावसाचं पाणी आत थांबू नये म्हणून पडवीला उतार दिलेला होता.

"ह्यावर तुझा स्टँड उभा राहील काय?"

"न्हाय."

"मग भिंतच."

तिसऱ्या दिवशी प्रणालीला वाटलं, आता निवडली. जाड फळी, जाड लोखंड, एकदा ठोकली की हलायची नाही. रावजींनी विचारलं, "तू आता बसून मारणार का उभी राहून?"

"प्लास्टर हाय तोवर स्टुलावर बसून. मग उभी राहून."

"मग ती फळी खालीवर व्हायला नको?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बॉक्सिंग ती खेळत होती, पण फळीचा विचार वडील करत होते. त्यांनी सुतळी आणली. स्टुलावर बसलेल्या प्रणालीच्या हनुवटीची उंची मोजली, मग तिला दाराला धरून एका पायावर उभी केली आणि पुन्हा मोजली. दोन्हींत फूटभराचा फरक निघाला. मग दोन्ही हात पसरायला लावून कोपरं कुठवर जातात ते बघितलं. खिडकीशेजारची जागा त्यामुळे बाद झाली, खांबाजवळचीही झाली. राहिली एकच, स्वयंपाकघराची भिंत.

आता रंगूबाई बाहेर आल्या. "त्या भिंतीपलीकडं माझ्या बरण्या हायत. लोणचं, कोकम, सगळं तिथं."

"भिंत बडवणार न्हाय गो कोणी. फळी बडवणार."

"फळी कुणाला धरून हाय? भिंतीलाच ना?"

मुद्दा बिनतोड होता. म्हणून विठोबा गवंड्याला बोलावलं. वादळानंतर गावातली निम्मी छपरं त्यानं परत चढवली होती, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं भिंतीवर ठिकठिकाणी बोटांची पेरं आपटली, कान लावला, आणि एका ठिकाणचा गिलावा नखानं उकरला. आत जांभा चिरा, लाल आणि छिद्राछिद्रांचा.

"फास्टनर मारशील तर आज धरेल," विठोबा म्हणाला. "पण रोज धडधड झाली की आतल्या आत चिऱ्याचा भुगा होतो. महिन्याभरानं फळी, चौकट आणि पपनस, सगळं पोरीच्या मांडीवर."

"मग काय करायचं?"

"आरपार जायचं. ह्या बाजूला एक जाड फळा, पलीकडं एक जाड फळा, मध्ये भिंत, आणि चार लांब बोल्ट. सँडविच. मग तुझी चौकट त्या फळ्यावर मार. भिंत पडली तरी फळी पडायची न्हाय."

"भिंत पडली तर मी पण पडेन," रंगूबाई म्हणाल्या. पण पलीकडच्या फळ्यावर झारे-पळ्या टांगता येतील असं विठोबानं सांगितल्यावर त्यांनी परवानगी दिली.

त्यानंतरही रावजींनी आठवडा घेतला. जोडसांधे कुठे आहेत, गोळा ज्या कडीवर फिरतो ती कडी बदलता येते का, लोखंडावर नुसता रंग आहे की जस्ताचा लेप आहे, हे सगळं त्यांनी प्रणालीकडून वाचून घेतलं. समुद्र चालत दहा मिनिटांवर असलेल्या घरात रंग एक पावसाळाही टिकत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. शेवटी खालीवर होणारी एक जाड फळी सापडली, तेव्हा ज्यांनी ती आधी घेतली होती त्यांनी काय लिहिलंय तेही वाचायला लावलं. एकानं लिहिलं होतं, "फारच जड आहे, दोन माणसं लागली." रावजी म्हणाले, "हीच घे."

खोकं बोर्लीपर्यंत आलं. तिथून विठोबानं आपल्या टेंपोत घालून आणलं. दोघांनी ते पडवीत उतरवलं तेव्हा रंगूबाईंनी विचारलं, "इंजिन मागवलंत काय?"

रविवारी सकाळी लावायचं ठरलं. विठोबाला म्हसळ्याला एका स्लॅबच्या कामाला जावं लागलं. जाताना त्यानं भिंतीवर पेन्सिलनं चार फुल्या मारल्या, ड्रिल मशीन आणि हातभर लांबीचं पातं ठेवलं आणि सांगितलं, "चिरा मऊ हाय. पोर पण करील."

वरच्या दोन फुल्या उंच होत्या. रावजींनी स्वयंपाकघरातलं उंच लाकडी स्टूल आणलं, मशीन घेतलं आणि वर चढले. प्रणाली समोर खुर्चीत, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. रावजींनी पातं फुलीवर टेकवलं आणि थांबले. मग खाली उतरले.

"पातं बोथट हाय."

त्यांनी पातं पुसलं आणि परत चढले. परत उतरले. "वायर पुरत न्हाय."

वायर अंगणापर्यंत गेली असती एवढी लांब होती.  तिसऱ्यांदा रावजी वर चढले तेव्हा त्यांनी डावा पंजा भिंतीवर सपाट टेकवला आणि तो तिथून उचललाच नाही. प्रणालीच्या नजरेसमोर त्यांची पोटरी होती. लहानपणी तिनं ती पोटरी साठ फुटांवर बघितली होती, वाऱ्यात डुलणाऱ्या शेंड्यावर निवांत. आता अडीच फुटांच्या स्टुलावर ती थरथर कापत होती. 

"बाबा," ती म्हणाली.

तेवढ्यात रंगूबाई बाहेर आल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा स्टुलाकडे. "उतरा खाली," त्या म्हणाल्या. "पलीकडं माझ्या बरण्या हायत. भोक कुठं पडतंय ते माझं मलाच बघू द्या."

रावजी उतरले. रंगूबाईंनी पदर कमरेला घट्ट खोचला, स्टुलावर चढल्या आणि हात खाली केला. "द्या ते. कुठलं बटण?"

"आई, तू आधी कधी—"

"मिक्सर चालवते ना? तसंच असंल."

बटण दाबलं. घरभर घरघराट झाला, अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. लाल भुकटीचा लोट उठला. पहिलं भोक आरपार गेलं तेव्हा पलीकडे काहीतरी खळकन वाजलं. रंगूबाई मशीन बंद करून धावत आत गेल्या आणि परत आल्या. "झाकण हाय नुसतं. बरणी शाबूत." चारही भोकं त्यांनीच पाडली. त्यातलं एक बोटभर खाली गेलं, पण फळ्यात ते सांभाळून घेता आलं. उतरल्या तेव्हा केस, भुवया, पापण्या, सगळं लाल. शिमगा खेळून आल्यासारख्या दिसत होत्या आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

फळे आवळणं, चौकट टांगणं, फळी बसवणं हे सगळं मग रावजींनी जमिनीवर उभं राहून केलं. दुपारी ते जेवले थोडंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली स्टुलावर बसून पहिल्यांदा गोळ्यावर मुठी चालवत होती. रावजी पायरीवर बसून चहा पीत होते. कप रिकामा झाल्यावरही ते तो हातात धरून बसले.

"प्रणू, काल पातं बोथट नव्हतं."

"ठाऊक हाय बाबा."

मग त्यांनी सांगितलं. वादळानंतरच्या थंडीत ते एका वाचलेल्या वाडीत सुपारी काढत होते. झाड वरून धडधाकट दिसत होतं, पण वादळानं त्याची मुळं जमिनीत सैल केली होती. शेंड्यावर जाऊन त्यांनी नेहमीसारखा झोका घेतला. शेजारचा शेंडा हातात आला, आणि त्याच क्षणी पायाखालचं झाड मुळासकट निघालं. ते एका हातावर लोंबकळले. मग दुसऱ्या खोडाला मिठी मारून घसरत खाली आले, छातीची सालटी काढत. वाडीत त्या वेळी कोणी नव्हतं. त्यांनी कोयता उचलला आणि घरी आले.

"चढायला न्हाय जमत आता," ते म्हणाले. "झाडाकडं बघितलं की हात ओले होतात. काल तर स्टूल होतं. स्टूल!"

"आईला माहीत हाय हे?"

आतून आवाज आला. "आईला पहिल्या दिवसापासून माहीत हाय. म्हणाले कुंपणाला घासलं. कुंपण काय छातीभर रुंद असतं? हळद कोणी लावली होती?"

रावजींनी आतल्या दाराकडे मान वळवली. "मग बोलली न्हायस ती?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. थांबता थांबता पाच वर्सं झाली."

प्रणालीला हसू आलं आणि मग रावजींनाही आलं. ती म्हणाली, "बाबा, मला रिंगची भीती न्हाय वाटत. पण जिन्याची वाटते. बराकीत तिसऱ्या मजल्यावर माझी खाट हाय. रात्री स्वप्नात नुसता जिना येतो. हे मी कोणाला सांगितलं न्हाय, पोलीस हाय ना मी." तिनं गोळा हातानं थांबवला. "आमचे सर म्हणतात, भीती जायची वाट बघू नको. हात चालू ठेव. या, मारून बघा एकदा."

रावजींनी मारला, तो कोयता मारल्यासारखा. गोळा फळीवर आपटून जो उलटा आला तो थेट त्यांच्या नाकावर. प्रणाली हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली.

"जोर नको," तिनं शिकवलं. "मूठ गोल फिरवायची, रहाट फिरतो तशी. आणि मोजायचं. एक, दोन, तीन, मग मारायचं."

आठवडाभर रावजींचं नाक लाल होतं. मग एका सकाळी ते लागोपाठ अकरा ठोसे मारू शकले. त्यानंतर त्यांना पडवीतून उठवणं अवघड झालं. सकाळी बागेला पाणी घालून आले की दहा वाजता, आणि चार वाजता चहा झाला की परत.

त्यानंतर चौथ्या दिवशी नीराबाई आल्या. शेजारच्या वाडीत त्यांच्या पाहुण्यांच्या चार खोल्या, दिवाळीची गर्दी सुरू झालेली. "रावजी, माझे पाहुणे पुण्याहून समुद्राची गाज ऐकायला येतात. आणि इथं येऊन ऐकतात तुमचं धडधड धडधड. काल एकानं विचारलं, ढोलपथकाचा सराव कुठं चाललाय?"

"त्यांना सांगायचं, पोलिसांचं काम चालू हाय," रंगूबाई म्हणाल्या.

रावजींनी मात्र ते मनावर घेतलं. त्या दिवशी ते कितीतरी वेळ फळीच्या खाली उभं राहून हातानं चाचपत होते, हादरा कुठून कुठे जातो ते बघत. मग सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूब आणल्या, त्यांच्या चौपदरी पट्ट्या कापल्या आणि चौकट अन् फळा यांच्यामध्ये घट्ट दाबून बसवल्या. आवाज निम्म्यावर आला. स्वयंपाकघरातल्या बरण्यांची किणकिण तर थांबलीच. दुपारी एक ते चार हात लावायचा नाही, असाही करार झाला. जाताना नीराबाईंनी इकडे तिकडे बघून गोळ्याला एक टिचकी मारली. "मऊ हाय की," म्हणाल्या.

नोव्हेंबरात प्लास्टर निघालं. म्हसळ्याला डॉक्टरांकडे जाऊन बापलेक परत येत होते, तर रस्त्यावरूनच ठोके ऐकू आले. पडवीत येईपर्यंत ते थांबले. रंगूबाई फडकं घेऊन उभ्या.

"धूळ झटकत होते," त्या म्हणाल्या.

चौकटीला फळी खालीवर करायचं हँडल होतं. प्रणाली उभी राहून मारणार म्हणून रावजींनी ते फिरवायला घेतलं, तर सकाळी त्यांनी स्वतःसाठी लावली होती तिथे फळी नव्हतीच. ती चार बोटं खाली होती, गोळा बरोबर रंगूबाईंच्या तोंडासमोर येईल अशी. रावजींनी बायकोकडे बघितलं. मग त्यांनी रंगाचा डबा आणला आणि चौकटीवर तीन खुणा केल्या, तिघांच्या तीन.

त्यानंतर पंधरा दिवसांची गोष्ट. काठी घेऊन चालायचा सराव करत प्रणाली घरामागे गेली. तिथं वादळानंतर रावजींनी स्वतः लावलेल्या दहा पोफळी आहेत, आता दोन पुरुष उंचीच्या. त्यातल्या एकीखाली रावजी पायात दोरीचं कडं घालून उभे होते. त्या उंचीचा घड कोणीही आकडीनं काढला असता. प्रणाली आडोशाला थांबली. रावजींनी खोडाला हात लावला, काढला, पंजे लुंगीला पुसले. ओठ हलत होते, ते काहीतरी मोजत होते. मग चढले. वर जाऊन जरा वेळ तसेच राहिले आणि सावकाश खाली आले.

प्रणालीला बघून ते म्हणाले, "घड अजून हिरवा हाय."

"बरं," ती म्हणाली. तिनं काठी त्यांच्या हातात दिली आणि परसदाराच्या पाच पायऱ्या काठीशिवाय चढून दाखवल्या. शेवटच्या पायरीवर तिनं दाराची चौकट धरली, पण चढली.

त्या हंगामात रावजी दोन वाड्यांमध्ये सुपारी काढायला गेले. पूर्वीसारखे शेंड्यावरून शेंड्यावर ते जात नाहीत, पुढे जातील असंही वाटत नाही. एक झाड चढतात, उतरतात, मग दुसरं. चढायच्या आधी मुळाशी पाय रोवून खोड जोरात हलवून बघतात. वेळ दुप्पट लागतो. मालक कुरकुरतात, पण बोलावतात. काही झाडं बघून ते नुसती मान हलवतात आणि पुढे जातात. आता कारण विचारलं तर गुडघा सांगत नाहीत. सरळ म्हणतात, "ह्याची भीती वाटते."

प्रणाली जानेवारीत निवड चाचणीत हरली. रोह्याच्या एका मुलीनं तिला तिसऱ्या फेरीत गुणांवर मागं टाकलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा ती हसत होती.

"हरलीस तर हसतेस काय?" रंगूबाईंनी विचारलं.

"आई, उजवा हात डाव्याच्या आधी सुटला! सरांनी दोनदा बघितलं. म्हणाले, काय खाऊन आलीस घरून?"

"सांग त्यांना, पपनस."

चैत्रात दुसरी चाचणी झाली आणि तीत ती संघात आली. त्याच सुमारास तिला अलिबागला बराकीऐवजी राहायला स्वतंत्र खोली मिळाली, तळमजल्यावर. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं भीत भीत विषय काढला. "बाबा, ती फळी मी घेऊन जाऊ? तिकडं मला रोज लागेल."

 रावजींनी रंगूबाईंकडे बघितलं. रंगूबाईंनी आत फळ्यावर टांगलेल्या झाऱ्याकडे बघितलं.

"ही काढायला भिंत फोडावी लागेल," रावजी म्हणाले, जे खरं नव्हतं. "तुला दुसरी बघू. तिकडची भिंत कशाची हाय?"

"विटांची असेल."

"असेल म्हणजे? नऊ इंची का चार इंची?"

"ते मी कसं सांगू?"

रावजी आत गेले, सदरा घालून आले आणि सुतळीची गुंडी खिशात टाकली. रंगूबाईंनी विचारलं, "आता कुठं निघालात?"

"अकराची अलिबाग गाडी हाय. भिंत बघून येतो."

"अवो, पोर इथं सुट्टीवर आलीय आणि तुम्ही तिकडं चाललात?"

रावजींनी चपला घालता घालता हात पुढे केला. "चावी दे गो खोलीची," ते प्रणालीला म्हणाले. तिनं दिली.